कृष्णेला वळसा

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना कसं काय विचारत नाहीत, पाणी किती विचारतात. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, हे गावभागातलं शेंबडं पोरही सांगतं. गुणमालाबाई मगदूम मात्र त्या पुलाकडे निराळ्याच नजरेने बघत आल्या होत्या. चातुर्मास लागला की तो पूल त्यांच्यापुरता मिटायचा आणि दिवाळीत उघडायचा. लग्न होऊन त्या या घरात आल्या, त्या पहिल्याच पावसाळ्यापासून हे असं चाललं होतं.

त्याचं झालं असं. नवरा, अण्णाप्पा, पाटबंधारे खात्यात. नवी नवरी घरात सोडून त्यांना त्या पावसाळ्यात महाबळेश्वरच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस मोजायला पाठवलं. तिकडे दरड कोसळली, वाट तुटली आणि माणसाचा ठावठिकाणाच लागेना. ना तार, ना निरोप. सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. गुणमालाबाई ओल्या पातळानिशी बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, गेल्या आणि पार्श्वनाथासमोर हात जोडून म्हणाल्या, "हे सुखरूप घरी येऊ देत. जन्मभर चातुर्मासात मी कृष्णा ओलांडणार न्हाई."

बायका वांगी सोडतात, गोड सोडतात. यांनी नदी का धरली? तर माहेर नदीपलीकडे, दिग्रजला. पंचमीला माहेरी जाणं सोडायचं, याहून मोठं असं त्या वयात त्यांच्याजवळ सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

अण्णाप्पा आले. दाढी वाढलेली, पोटऱ्यांवर जळवांचे डाग आणि तोंडावर असा काही उजेड की सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायचा विसरल्या. हा माणूस एरवी चार शब्द बोलायचे तर आधी मनात चारदा घोकणारा. त्या दिवशी उंबऱ्यातूनच बोलायला लागला.

"दरड कोसळली ते बरंच झालं. रांजणधार बघायला मिळाली. डोंगराला मधोमध चीर पडावी तशी घळ आहे. आत शिरलं की वर आभाळाची नुसती चिंधी दिसते. आणि पाणी पडतं ते कातळातल्या रांजणांवर. पाण्यानंच कोरलेत ते, आत माणूस उभा राहील एवढे. पाणी पडलं की ते घुमतात. दाखवीनच तुला. फक्त पावसाळ्यात असतं बरं का. दिवाळीनंतर काही नाही."

गुणमालाबाईंची तव्यावरची चपाती त्या दिवशी करपली.

नेमाची गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली तेव्हा अण्णाप्पा गप्प झाले, आणि तो गप्पपणा त्यांना कायमचा चिकटला. आपल्या जिवासाठी हिने माहेरची पंचमी सोडली आणि आपण घरी येऊन काय सांगितलं, तर धबधबा. दोनदा त्यांनी बायकोला दिवाळीनंतर तिकडे नेलंही. रांजणांत पाला कुजत पडला होता आणि कातळावर एक ओला डाग होता. "इथून पडतं," अण्णाप्पांनी वर बोट दाखवलं. घरधनी परगावी गेलेला असताना शेजाऱ्याने पाहुण्याला घर दाखवावं, तसं ते दाखवणं होतं.

अशी वर्षं गेली. मुलगा श्रेयस शिकून पुण्याला गेला, त्याची मुलगी कॉलेजात पोचली. आणि यंदा गुणमालाबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची शस्त्रक्रिया ठरवली आणि वर सांगितलं, "आजी, नव्या गुडघ्यांवर घरात फिरा, देवळात जा. डोंगर-दऱ्या मात्र आता विसरायच्या."

म्हणजे रांजणधार बघायची तर याच पावसाळ्यात. आणि पावसाळा म्हणजे चातुर्मास, आणि रांजणधार कृष्णेच्या पलीकडे.

थोरल्या जाऊबाई, लीलाबाई, सोप्यात गवार मोडत बसल्या होत्या. हे ऐकून म्हणाल्या, "मग मोड की नेम एकदा. महाराजांना विचारून प्रायश्चित्त घे, दोन उपास कर. झालं."

"भाचीच्या बारशाला मोडला न्हाई अक्का. आता काय धबधब्यासाठी मोडू?"

"मग बस घरात. नदी काय कुठं संपतीय व्हय, वळसा घालून जायला?"

लीलाबाई बोलून गेल्या आणि विसरल्या. गुणमालाबाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घागरीवर गाळणं धरून पिण्याचं पाणी गाळत होत्या, तेव्हा ते वाक्य परत कानात वाजलं. नदी संपत नाही हे खरं. ती आपली खाली खाली जाते, कर्नाटकात, आंध्रात, समुद्रात. पण नदी सुरू तर होते. घागर भरून वाहायला लागली तरी त्या तशाच उभ्या.

"आवं," त्यांनी हाक मारली. "महाराष्ट्राचा नकाशा कुठं हाय तुमचा?"

अण्णाप्पांनी कपाटावरून नकाशा काढला, जमिनीवर पसरला. गुणमालाबाईंना खाली बसवत नव्हतं. त्या खुर्चीवरून सांगत होत्या आणि अण्णाप्पांचं बोट फिरत होतं. सांगलीहून नदीच्या डाव्या काठाने वर. विटा, रहिमतपूर, कोरेगाव. वाईच्या वाटेला लागायचंच नाही. लोणंद, शिरवळ, भोर. तिथून वरंधा घाटाने खाली कोकणात महाडला उतरायचं, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने पुन्हा वर, आणि थेट महाबळेश्वरच्या अंगणात. उगम डाव्या हाताला राहिला. बोट नदीच्या पलीकडच्या काठावर टेकलं आणि वाटेत निळी रेघ कुठेही आडवी आली नाही.

अण्णाप्पा कितीतरी वेळ बोट उचलेनात. "माझी अख्खी नोकरी या नदीवर झाली," ते म्हणाले. "हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"तुमच्या डोक्यात पाणी मोजायचं असतंय. वळसा घालायचं बायकांच्या डोक्यात असतंय."

पण मनाला एक खडा टोचत राहिला. ओलांडणार नाही असं म्हटलं होतं, वळसा घालणार नाही असं म्हटलेलं नव्हतं. शब्द शाबूत होता. तरी ही पळवाट तर नव्हे? त्या बस्तीत गेल्या, त्याच पार्श्वनाथासमोर उभ्या राहिल्या. "फसवतीय असं वाटत असंल तर घाट बंद राहू दे," एवढंच म्हणाल्या. वरंधा घाट त्या वेळी दरडींमुळे बंदच होता. अनंत चतुर्दशी झाली, आणि पाठोपाठ पेपरात बातमी आली, घाट हलक्या गाड्यांना खुला. गुणमालाबाईंनी तो पेपर घडी करून उशाखाली ठेवला आणि दशम्यांचं पीठ मळायला घेतलं.

गाडी तानाजीची. हा मूळचा उंब्रजचा, सांगलीत भाड्याने गाडी चालवायचा. वाट ऐकून त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले.

"काकू, उंब्रजवरनं, साताऱ्यावरनं तुमाला दुपारच्याला महाबळेश्वरात सोडतो. तुमी मला महाड दाखवताय. त्या वाटंवर सोयरीक बघायचीय व्हय?"

"नदी ओलांडायची न्हाई."

"कुठली?"

"कृष्णा."

"नीरा चालंल?"

"चालंल."

"कोयना?"

"तीबी चालंल."

"मग कृष्णाबाईनंच तुमचं काय घोडं मारलंय?"

गुणमालाबाईंनी नेम सांगितला. तानाजीने आरशातून एकदा दोघांकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

निघाले तेव्हा झुंजूमुंजू होतं. विट्यापुढे गुणमालाबाईंचा डोळा लागला. तानाजीचा मोबाईल समोर लावलेला, त्यातली बाई वाट सांगत होती. तिला काय, जवळची वाट तेवढी ठाऊक. रहिमतपूरच्या पुढे ती म्हणाली, डावीकडे वळा. तानाजी जांभई देत डावीकडे वळला.

अण्णाप्पांच्या ते लक्षात आलं होतं. पण ते अण्णाप्पा. आपलंच काही चुकत असेल, तानाजी रोजचा गाडीवाला, त्याला आपण काय सांगावं, असा विचार करत ते काचेतून बघत राहिले. दोन्ही बाजूंना ऊस दाटला. हवा गार झाली. मळीचा, चिखलाचा वास आला. हा वास त्यांनी जन्मभर हुंगला होता. समोर पुलाचे कठडे दिसले तेव्हा त्यांनी बायकोकडे बघितलं. ती तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती, मांडीवर गाळण्याच्या फडक्याची घडी.

"तानाजी, थांब."

आवाज केवढा निघाला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. गाडी कचकन थांबली. गुणमालाबाई जाग्या झाल्या, समोर बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढची दोन चाकं पुलावर होती.

समोर खाली नदी तांबडी, फुगलेली वाहत होती.

"गेलं," गुणमालाबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं राखलं आणि झोपंत गेलं."

अण्णाप्पा दार उघडून उतरले. कठड्यावरून वाकून खाली बघितलं. पुढच्या चाकापाशी गेले, पुन्हा वाकले. मग खिडकीपाशी येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही न विचारता, बोलले.

"चाकाखाली बाभळी आहेत. बाभळींखाली गवत. पात्र पुढे सुरू होतं, त्या दगडी खांबापासून. पाटबंधारे खात्याचा माणूस आहे मी, नदी कुठे सुरू होते ते मला कळतं. तू नदीवर आलेलीच नाहीस. तानाजी, गाडी मागे घे."

तानाजीने जीभ चावली आणि गाडी अशी अलगद मागे घेतली जणू मागच्या सीटवर तान्हं पोर झोपलंय.

"काका," तो थोड्या वेळाने म्हणाला, "तुमी एवढ्या जोरात बोलता व्हय?"

"नाही," अण्णाप्पा म्हणाले. गुणमालाबाई पदराआड हसत होत्या.

वरंधा घाटात पाऊस भेटला. डोंगराच्या अंगावरून जागोजागी पाणी सुटलेलं. तानाजी खूश झाला. "काकू, ह्यो बघा धबधबा. त्यो बघा. ह्यो तर गाडीवरच पडतोय. झालं की तुमचं काम."

गुणमालाबाईंनी पदर डोळ्यांवरून खाली ओढला. "मला सांगू नकोस. पहिला त्योच बघायचाय." अख्खा घाट त्या डोळे झाकून उतरल्या, लग्नात अंतरपाटाआड उभी राहिलेली नवरी जशी. महाडला दिवस मावळायच्या आत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन त्या आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी चढून महाबळेश्वर आलं. धुकं एवढं की पुढची टॅक्सी फक्त हॉर्नवरून कळत होती. अण्णाप्पा भीत भीत म्हणाले, "एवढं आलोच आहोत, तर क्षेत्रावर जाऊन यायचं का? तिथे गोमुखातून निघते कृष्णा. हाताच्या बोटाएवढी धार असते."

"नको. तिच्या पाठीमागनं गपचूप चाललोय, तिला कशाला उठवायचं?"

घाटाखाली उतरल्यावर डांबरी सडक सुटली आणि मातीची वाट लागली. वाटेच्या टोकाला धनगरवाडा, चार-पाच घरं. खोपटासमोर इरलं घेतलेला साठीचा गडी उभा होता, भाऊसो. अण्णाप्पा अडकले होते तेव्हा याच्याच बापाने त्यांना ठेवून घेतलं होतं.

"तुमीच व्हय ते पाऊस मोजणारं सायब? आबा लय हसायचा तुमाला. म्हणायचा, गडी नळीत थेंब मोजतोय आन् सोता बाहीर भिजतोय."

"धारेला पाणी आहे का?" अण्णाप्पांनी विचारलं.

"चला की. कान हायत न्हवं तुमाला?"

वाट गवतातून होती. गुडघ्याएवढं हिरवंगार गवत, आणि त्यात जीवजंतूंची जत्रा भरलेली. पात्यापात्यावर गोगलगाई, पायवाटेवर तांबड्या वाण्या, चिमुकले बेडूक. गुणमालाबाईंनी पाऊल उचललं ते तसंच धरलं आणि मागे घेतलं. चातुर्मासात कमी फिरावं ते याच जिवांसाठी. नदीचा शब्द राखायचा आणि हे पायाखाली चिरडायचे, तर मग राखलं काय?

"भाऊसो, दुसरी वाट?"

"हाय. पर ती वाट न्हवं, वढा हाय. दगडादगडानं जायाचं. गुडघं हायत का तुमाला?"

"हायत. पण मोडके."

"चला मग."

ओढ्याचं पाणी घोट्याएवढं, कातळ धुतलेले. एका हाताला भाऊसो, दुसऱ्या हाताला अण्णाप्पा. जिथे दोन पायांवर जमेना तिथे गुणमालाबाई कातळावर बसल्या आणि बसल्या बसल्याच पुढे सरकल्या. पातळ चिंब झालं. गुडघे आतून कुणी रवी घुसळावी तसे दुखत होते. भाऊसो दर थोड्या वेळाने म्हणे, "मावशी, बसा जरा," आणि त्या म्हणत, "बसले तर बसूनच राहीन, चल."

दोन्ही बाजूंचे कडे जवळ यायला लागले. वरचं आभाळ अरुंद होत गेलं. अण्णाप्पांची पावलं मात्र आता बायकोपेक्षाही हळू पडत होती. एका वळणाआधी ते थांबले.

"गुणमाला, एक सांगू? मी तेव्हा कोवळा होतो. दरडीतून वाचलो होतो, मला सगळंच मोठं दिसलं असेल. आणि इतकी वर्षं सांगून सांगून मी ते वाढवलंही असेल. तू बघशील आणि तुला वाटेल, हे काय एवढं."

"मग भांडू की घरी जाऊन. आधी बघू तर द्या."

वळणाच्या अलीकडेच त्यांना ते कळलं, पण कानाने नव्हे. हात टेकला होता तो कातळ थरथरत होता. मग छातीत काहीतरी घुमायला लागलं, बस्तीतल्या मोठ्या घंटेचा टोल संपल्यावर मागे जो नाद उरतो तसा, फक्त न संपणारा. भाऊसो बाजूला झाला. गुणमालाबाईंनी दोघांचे हात सोडले आणि वळण स्वतःच्या पायांनी घेतलं.

आभाळाची चिंधी होती. त्या चिंधीतूनच जणू पाणी सुटलं होतं. पांढरं शुभ्र, कुठेही न अडकता सरळ खाली येणारं. खाली काळ्या कातळात रांजण होते, एकाला एक लागून, कुंभाराच्या अंगणात असावेत तसे. पाणी पहिल्यात पडे, तो भरून दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. थोरला खर्जात घुमत होता, धाकटे त्याच्यावर सूर धरत होते. तुषारांनी घळ भरून गेली होती. ढग जरा सरला, वरून उन्हाची एक तिरीप उतरली आणि रांजणांच्या तोंडावर इंद्रधनुष्याचा तुकडा उभा राहिला.

अण्णाप्पा धबधब्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

गुणमालाबाईंचा चष्मा पाण्याने भरला. त्यांनी तो काढला, पदराला पुसायला गेल्या, पदर ओलाच. मग चष्मा तसाच हातात धरून त्या हसायला लागल्या. आधी नुसतं तोंडभर, मग आवाजाने. ते हसू घळीत घुमलं आणि रांजणांच्या नादात मिसळलं. भाऊसोही कारण नसताना हसायला लागला. मग त्या वळल्या आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या,

"तुमी लय कमी सांगितलंत."

अण्णाप्पांनी ते ऐकलं. पुन्हा ऐकायचं म्हणून "काय?" असं विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. म्हातारा मटकन कातळावर बसला, आणि इतक्या वर्षांनी प्रथमच रांजणधारेकडे तोंड वर करून, निवांत, धाकधूक न बाळगता बघत राहिला.

मनसोक्त बघून झाल्यावर गुणमालाबाईंनी पिशवीतून तांब्या काढला, त्यावर गाळण्याचं फडकं दुहेरी करून धरलं आणि रांजणातलं पाणी ओंजळीने त्यावर ओतलं. आधी नवऱ्याला दिलं, मग भाऊसोला, मग स्वतः प्यायल्या. उरलेल्या गाळलेल्या पाण्याने फडकं उलटं धुऊन ते पाणी पुन्हा त्याच रांजणात सोडलं.

"हे कशापायी?" भाऊसोने विचारलं.

"फडक्यात अडकलेले जीव. ज्याचे त्याच्या घरी सोडायचे."

"आन् तुमी? तुमचं घर तर लय लांब म्हणं."

"लांब हाय. पण जाणार की."

परतताना त्यांना गुडघे आठवलेच नाहीत असं नाही. गाडीत बसताना त्या कण्हल्या. तानाजीने तोंडाकडे बघितलं आणि हीटर लावला. महाबळेश्वरच्या माथ्यावर मोबाईलला रेंज आली आणि पहिला फोन लीलाबाईंचा.

"मोडलास का गं नेम?"

"न्हाई अक्का. गुडघं मोडले."

"दिसला?"

"दिसला. तुमच्यामुळं दिसला."

"माझ्यामुळं? म्या काय केलं?"

"नदीचं तुमीच बोलला होता. घरी आल्यावर सांगते. उद्या संध्याकाळ होईल."

"उद्या? महाबळेश्वर म्हणजे काय दिल्ली लागून गेली? आजच्या आज पोचाल की."

गुणमालाबाईंनी आरशातून तानाजीकडे बघितलं. ओलांडणं इकडून तिकडे होतं तसं तिकडून इकडेही होतंच. हे त्याला कसं सांगावं, बिचारा कालपासून चाक धरून बसलाय, असं त्यांच्या मनात आलं. नाक्यावर गाडी आली. मोबाईलमधली बाई म्हणाली, डावीकडे वळा. डावीकडे पाचगणी, वाई, कृष्णेवरचा पूल आणि संध्याकाळच्या आत सांगली.

तानाजीने उजवीकडचा दिवा लावला, पोलादपूरचा.

"तू गप गं बाई," तो मोबाईलला म्हणाला. "तुला नेम न्हाई. आमाला हाय."